ओलं जळण : भारत-इराण कबड्डी आणि ‘राष्ट्रीय शैली’ नावाची समजूत

(तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं.)



विषय कबड्डीचा आहे आणि बोलणारा तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे, म्हणून काही जणांनी येतानाच भुवया उंचावल्या. त्यांना एवढंच सांगतो की मी चढाई कशी करावी हे सांगायला उभा नाही. ते सांगणारे या सभेत माझ्यापेक्षा चांगले बसले आहेत. मला तपासायचं आहे ते एक वाक्य. भारत-इराण सामना लागला की समालोचक हे वाक्य हमखास बोलतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं लिहितात आणि संध्याकाळी आपण पानटपरीवर तेच बोलतो. वाक्य असं : ‘इराणकडे ताकद आहे, भारताकडे कौशल्य आहे.’ त्याला लागूनच दुसरं येतं : ‘खेळ आपला आहे, ते आपल्याकडूनच शिकले.’

ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते आपल्याकडूनच शिकले असतील, तर जे शिकले ते कौशल्यच असणार ना? ताकद काही कुणी कुणाकडून शिकत नाही.

आधी हिशोब मांडू. 2004 साली मुंबईत पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतानं इराणला 55-27 असं हरवलं. 2007 ला पनवेलमध्ये पुन्हा तेच दोघे, 29-22. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 37-20. 2014 ला इंचॉनमध्ये 27-25, आणि तेही मध्यंतराला भारत मागे असताना. 2016 ला अहमदाबादच्या विश्वचषकात 38-29. तिथंही मध्यंतराला इराण 18-13 असा पुढे होता, नंतर अजय ठाकूरनं सामना फिरवला. आणि 2018, जकार्ता. उपांत्य फेरी, मध्यंतराला 9-9 बरोबरी, शेवटी इराण 27, भारत 18. 1990 साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून सलग सात सुवर्णपदकं आपली होती, आठवं गेलं. त्याच स्पर्धेत गटातल्या सामन्यात कोरियाकडूनही आपण 23-24 असे हरलो होतो. आणि महिलांच्या अंतिम सामन्यात इराण 27, भारत 24.

हे आकडे ओळीनं ठेवले की काय दिसतं? इराणी माणूस 2004 साली अशक्त होता आणि 2018 साली अचानक बलवान झाला, असं तर कुणी म्हणणार नाही. शरीरं तीच. बदललं ते शिक्षण. म्हणजे ‘ताकद विरुद्ध कौशल्य’ हे वाक्य हिशोबाच्या पहिल्याच पानावर अडखळतं.

ताकद कुठे असते?

आता प्रत्यक्ष खेळ बघा. इराणचा सगळ्यात नामांकित गडी कोण? फजल अत्राचली. डावा कोपरारक्षक. प्रो कबड्डीत पकडीच्या गुणांत तो सगळ्यांच्या वर आहे. त्याची घोट्याची पकड डोळ्यांसमोर आणा. चढाई करणारा निदानरेषा ओलांडतो, फजल हलत नाही. बोनससाठी पाय पुढे येतो, तरी तो हलत नाही. चढाई करणाऱ्याचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, त्या अर्ध्या क्षणात फजल खाली असतो आणि घोटा त्याच्या दोन हातांत असतो. हे बळ म्हणायचं की काळाचं भान? बैलाच्या अंगात फजलपेक्षा पुष्कळ बळ आहे, पण बैलाला बोनसचा पाय ओळखता येत नाही.

उलट आपला संघ बघा. ‘कौशल्यवाला’ म्हणतो तो आपला संघ बराचसा हरियाणाचा आहे. तिथली मुलं अंगापिंडानं भरलेली, मांडीवर आणि कमरेवर झेपावून गडी उचलून बाहेर फेकणारी. मुंबई-पुण्याचा जुना खेळ याहून निराळा. अंगानं सडपातळ गडी, हुलकावणी देणार, हातानं टिपणार, बोनस उचलणार आणि मध्यरेषा गाठणार. सांगलीच्या काशिलिंग आडकेची हनुमान उडी आठवा. मग यातली ‘भारतीय शैली’ कोणती? हरियाणाची की सांगलीची? आणि आपण तर आणखी गुंता केलेला आहे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा. तळेगावची मुलगी उद्या राष्ट्रीय स्पर्धेला गेली तर ती विदर्भाकडून खेळेल आणि महाराष्ट्राचा संघ तिच्यासमोर उभा असेल. त्या सामन्यात तिची शैली वैदर्भीय होते, आणि भारतीय संघात निवड झाली की दुसऱ्या दिवशी भारतीय होते का?

चुलीतलं उत्तर

आपल्या न्यायशास्त्रात यावर एक सुंदर विचार आहे. ‘जिथं धूर तिथं अग्नी’ हे बरोबर. पण उलट केलं, ‘जिथं अग्नी तिथं धूर’, तर ते चूक. का? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशानं येतो? ओल्या जळणानं. आपल्या आया-बहिणींना हे शास्त्र वाचावं लागलं नाही. पावसाळ्यात चूल पेटवली की त्यांना कळतंच. नैयायिक या ओल्या जळणाला ‘उपाधी’ म्हणतात. म्हणजे ज्या तिसऱ्या गोष्टीमुळे पहिल्या दोन गोष्टी एकत्र दिसतात, पण जी आपल्या नजरेआड राहते, ती उपाधी. आपण अग्नी बघतो, धूर बघतो आणि दोघांचं लग्न लावून मोकळे होतो.

राष्ट्र आणि शैली यांचं नेमकं असंच आहे. ‘जिथं इराण तिथं पकड, जिथं भारत तिथं चढाई.’ दिसतं खरं, पण जळण शोधलं पाहिजे. मला तीन लाकडं सापडतात.

पहिलं लाकूड मातीचं. इराणमध्ये कुस्ती घराघरात आहे. फजल स्वतः आधी कुस्ती करायचा, मग कबड्डीत आला. कुस्तीतला पोरगा पायावर झडप घालायला लहानपणीच शिकतो. शिवाय ‘आपला खेळ, आपला खेळ’ म्हणताना हेही लक्षात ठेवा की इराणच्या खेड्यांत ‘झू’ नावाचा खेळ आहे. एका दमात ‘झूऽऽ’ म्हणत समोरच्या अंगणात शिरायचं, गडी बाद करायचा आणि दम सुटायच्या आत परत यायचं. ओळखीचं वाटतं ना? आपलं हुतूतू काय वेगळं होतं? म्हणजे त्यांनी कोऱ्या पाटीवर धडा घेतला असं नाही. पाटीवर आधीच काही रेघा होत्या.

दुसरं लाकूड नियमांचं. हुतूतू होतं तेव्हा दम हीच चढाईची मर्यादा होती. ज्याची छाती मोठी तो जास्त वेळ समोरच्या अंगणात घुमायचा. मग आलं तीस सेकंदांचं घड्याळ. मोठ्या छातीचं भांडवल त्या दिवशी कमी झालं. मातीवरून खेळ मॅटवर गेला. मातीत अनवाणी पाय घसरतो, त्या घसरण्याचाच उपयोग करून गडी निसटतो. मॅटवर बूट चिकटतो. हात लागल्यावर अंग सैल सोडून निसटायची जी आपली कला होती, तिचं मोल उतरलं. एका झटक्यात उडी घेणाऱ्याचं आणि एका झटक्यात घोटा धरणाऱ्याचं मोल चढलं. मॅट हरियाणाला मानवली, इराणला मानवली, आपल्या गल्लीतल्या मंडळांना उशिरा मानवली. हॉकीत हे आधी घडून गेलं होतं. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला कृत्रिम गवत आलं आणि तिथं भारत सातवा आला. चेंडू तोच, काठी तीच, खालचं गवत बदललं आणि ज्याला आपण भारताचा उपजत स्वभाव म्हणत होतो तो गवताचा स्वभाव निघाला.

तिसरं लाकूड गुरूचं. त्याच्याकडे मी शेवटी येतो, कारण तिथं खरं दुखणं आहे.

तीन दिवसांत काय बदललं?

7 ऑक्टोबर 2023, हांगझू. आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना. भारत 28, इराण 28, शेवटची मिनिटं. पवन सेहरावत चढाईला जातो आणि कुणाला स्पर्श न होताच बाजूच्या लॉबीत जातो. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत जातात. आता बाद कोण? एकटा पवन, की मागून गेलेले सगळे? जुना नियम एक सांगतो, नवा नियम दुसरं. पंच एकदा एक निर्णय देतात, मग दुसरा. एकदा भारताचे खेळाडू मॅटवर बसतात, एकदा इराणचे. जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. त्या रात्री दोन्ही देशांत काय काय बोललं गेलं ते तुम्हाला आठवत असेल. इकडे ते ‘रडके’, तिकडे आपण ‘लबाड’. एका मीटरच्या पट्टीवरून दोन संस्कृतींचा निवाडा झाला.

आता पुढचं पान उलटा. 9 आणि 10 ऑक्टोबरला मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला. हांगझूच्या मॅटवर आपल्याविरुद्ध उभा असलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई याला पुणेरी पलटणनं 2 कोटी 35 लाखांना घेतलं. त्याच पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला पोरगा, तो हांगझूत भारताच्या संघात होता. 7 तारखेला हे दोघे आमनेसामने. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सना 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा दोघे एकाच संघात. पुण्यात लोकांनी शादलुईसाठी घसे फोडले. त्या टाळ्यांमध्ये हांगझूच्या रात्री त्याला शिव्या घालणारे नव्हते असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणाही विजेता झाला.

मला विचारायचंय ते हे. शादलुईची ‘इराणी शैली’ पुण्यात कुठे गेली? ती कुठे गेली नाही. तो तशाच पकडी करत होता. पण आता त्या पलटणच्या पकडी होत्या. डाव्या कोपऱ्यात इराणी, त्याच्या आजूबाजूला आपली पोरं, आणि साखळी धरायला कुणाला अडचण आली नाही. शैली खरोखर राष्ट्राच्या रक्तात असती तर असा संघ जुळायलाच नको होता. शैली ही बोलीसारखी आहे. ज्या गावात वाढलात तिथली जिभेवर बसते, पण दुसरी शिकता येते आणि दोन बोलींची माणसं एका ताटात जेवू शकतात.

बर्फावरची तीच गोष्ट

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. म्हणून तुम्हाला जरा लांब घेऊन जातो, कॅनडा आणि जुन्या सोव्हिएत रशियात. खेळ आहे आइस हॉकी. आपल्या तळेगावात मे महिन्यात बर्फ दिसतो तो रसवंतीत, पण तिकडे गोठलेल्या मैदानावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, चेंडूऐवजी रबरी चकती मारत हा खेळ खेळतात. एका वेळी एका बाजूला सहा जण.

कॅनडा म्हणायचा, खेळ आमचा. आणि होताही त्यांचाच. रशियन लोक 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यात उतरले, 1954 ला पहिल्यांदा जागतिक स्पर्धेला आले आणि कॅनडालाच 7-2 हरवून जिंकून गेले. पण कॅनडाचं म्हणणं होतं की आमचे खरे खेळाडू व्यावसायिक आहेत, ते अशा स्पर्धांत नसतात. मग 1972 साली ठरलं, एकदा होऊनच जाऊ द्या. आठ सामने. पहिला माँट्रियलला, 2 सप्टेंबरला. सोव्हिएत संघ 7-3 नं जिंकला आणि कॅनडात सुतक पडल्यासारखं झालं. मालिका शेवटी कॅनडानं चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी अशी घेतली. आठव्या सामन्यात मॉस्कोत 34 सेकंद उरले असताना पॉल हेंडरसननं गोल केला तेव्हा.

तेव्हाही लोकांनी दोन शैलींचं लग्न दोन राष्ट्रांशी लावलं. कॅनडाचा गडी म्हणजे अंगावर जाणारा, धडक देणारा, स्वतःच्या हिमतीवर गोल करणारा. रशियाचा म्हणजे चकती एकमेकांना देत राहणारा, शिस्तीचा, जणू एका यंत्राचा भाग. एक व्यक्तिवादी, दुसरा समाजवादी. वर्तमानपत्रांना किती सोयीचं! पण सहाव्या सामन्यात कॅनडाच्या बॉबी क्लार्कनं रशियाच्या खार्लामोवच्या दुखऱ्या घोट्यावर काठी मारली, तो कोणता वाद होता? ती फक्त हरण्याची भीती होती.

आता जळण शोधा. रशियात बर्फावरचा आणखी एक जुना खेळ होता, बँडी. फुटबॉलएवढं मैदान, अकरा गडी, चेंडू. एवढ्या मोठ्या मैदानावर एकट्यानं चेंडू नेता येत नाही, द्यावाच लागतो. ती सवय घेऊन ते आइस हॉकीत आले. शिवाय युरोपातलं बर्फाचं मैदान उत्तर अमेरिकेतल्या मैदानापेक्षा सुमारे चार मीटर रुंद. अरुंद मैदानात कठड्याशी धडका होणार, रुंद मैदानात पास होणार. यात मार्क्स कुठे आला?

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. सोव्हिएत पद्धतीचा शिल्पकार अनातोली तारासोव. त्यानं ज्या पुस्तकांचा अभ्यास केला त्यांत एक होतं लॉइड पर्सिव्हल यांचं 1951 सालचं हॉकीवरचं पुस्तक. हे पर्सिव्हल कुठले? टोरांटोचे. कॅनडाचे! त्यांच्या देशातल्या व्यावसायिक मंडळींनी त्या पुस्तकाकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि रशियानं ते मन लावून वाचलं. म्हणजे कॅनडाला ज्या ‘परक्या’ शैलीनं घाम फोडला, तिचं एक मूळ त्यांच्याच घरात होतं. पुढे 1980 ला अमेरिकेच्या हर्ब ब्रुक्सनं कॉलेजातल्या पोरांना रशियन पद्धतीची मेहनत आणि पासिंग शिकवलं आणि ऑलिंपिकमध्ये त्याच रशियाला 4-3 हरवलं. विद्या अशीच फिरत राहते. तिला पासपोर्ट लागत नाही.

नाशिकची बाई

आणि आता तिसरं लाकूड, गुरूचं. टोरांटोच्या पर्सिव्हलची गोष्ट ऐकून तुम्ही हसलात. आपली ऐका.

2018 साली जकार्तात ज्या इराणच्या महिला संघानं भारताला 27-24 हरवलं, त्यांच्या प्रशिक्षक कोण होत्या? शैलजा जैन. नाशिकच्या. मराठी बोलणाऱ्या, आयुष्यभर महाराष्ट्रातल्या मुली घडवलेल्या. भारतीय महिला संघाला शिकवायची त्यांची इच्छा होती, ती संधी मिळाली नाही. इराणनं बोलावलं, त्या गेल्या. भाषा येत नव्हती, कामापुरती फारसी शिकल्या. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. आणि समोरच्या भारतीय संघात त्या दिवशी सायली केरीपाळे होती, सोनाली शिंगटे होती, आपल्याच मातीतल्या मुली. मॅटच्या एका बाजूला मराठी खेळाडू, दुसऱ्या बाजूला मराठी गुरू. आता सांगा, जिंकलं कोण?

तेव्हा काही लोकांनी त्यांना ‘देशाविरुद्ध गेल्या’ असं म्हटलं. राष्ट्रीय ईर्ष्येवरची माझी खरी टीका इथं आहे. ईर्ष्या वाईट असं मी म्हणत नाही. ईर्ष्या नसती तर इराणनं नाशिकला फोन केला नसता, आणि 2018 चा मार बसला नसता तर 2023 ला आपण पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णपदकं परत आणली नसती. ईर्ष्या शिकायला भाग पाडते, हे तिचं पुण्य. तिचं पाप असं की ती प्रश्न फिरवून टाकते. ‘आपल्या घरात एवढी चांगली शिक्षिका असताना तिला आपण काम का दिलं नाही?’ हा खरा प्रश्न. ईर्ष्या तो गिळते आणि त्या जागी ‘ती त्यांच्याकडे का गेली?’ हा प्रश्न उभा करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर व्यवस्थेला द्यावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर एकट्या बाईला.

‘शैली रक्तात असते’ हे म्हणणं निरुपद्रवी नाही ते यामुळेच. रक्तात असेल तर शिक्षकाची गरज काय? मैदान कशाला, मॅट कशाला, मुलींना दहावीनंतरही खेळू द्यायला हवं हा आग्रह कशाला? जिंकलो तर रक्तामुळे आणि हरलो तर गद्दारीमुळे, एवढ्यावर सगळं भागतं. ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांच्यासाठी यापेक्षा सोयीचं तत्त्वज्ञान नाही.

आणखी एक. आपल्या या रस्त्यानं पश्चिमेला निघालात की मोझरी लागते, पुढे अमरावती. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेला होता आणि त्यानं तिथं कबड्डीसह आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. त्या काळी बोटीचा प्रवास, पैशांची ओढाताण. ते कशासाठी गेले? जगानं बघावं, जगानं घ्यावं म्हणून ना? आज जगानं घेतलं तर आपण म्हणतो, चोरलं! कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात सगळा संघ बाद झाल्यावर मिळणाऱ्या जादा गुणांना आजही ‘लोणा’ म्हणतात. आपलं लोण. तेहरानमध्ये, सोलमध्ये पंच ज्या नियमानं गुण देतो त्यात हा शब्द बसलेला आहे. हे आपलं नुकसान की आपली कमाई? मला तरी वाटतं, बर्लिनला गेलेल्या त्या माणसांना हे ऐकून आनंद झाला असता, आणि 2018 च्या निकालानं ते दुखावले असते तर ते पराभवामुळे. दुसऱ्यानं आपला खेळ शिकला म्हणून नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी समालोचक ‘इराणची ताकद’ म्हणाला की मनात एवढंच विचारा : जळण कुठलं? एवढा प्रश्न विचारायची सवय लागली तर सामना बघण्याची मजा कमी होणार नाही. उलट डाव्या कोपऱ्यात फजल का थांबलाय, हे जास्त नीट दिसेल.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, तुम्ही म्हणता शैली रक्तात नाही. पण आपल्याला आपल्या संघाचा अभिमान वाटू नये का?*

जरूर वाटावा. अभिमान हा नात्याचा भाग आहे, कारणाचा नाही. माझा नातू शर्यतीत पहिला आला तर मला आनंद होतो, पण त्याचे पाय माझ्या आडनावामुळे वेगानं धावतात असं मी म्हणत नाही. भारत जिंकला की मीही टाळ्या वाजवतो. दोन गोष्टींची गल्लत करू नका, एवढंच.

*प्रश्न : इराणच्या खेळाडूंना प्रो कबड्डीत घेऊन आपणच त्यांना आपले डाव शिकवले. हे चूक नाही का? त्यांच्याशिवाय लीग चालली असती.*

लीग 2014 ला सुरू झाली. त्याच वर्षी इंचॉनला इराण आपल्यापेक्षा दोनच गुणांनी मागे होता. म्हणजे ते आधीच दारात आले होते. शिवाय शिकणं एका बाजूनं होत नाही. आपल्या चढाईबहाद्दरांना वर्षातून इतके दिवस फजलसमोर, शादलुईसमोर उभं राहायला मिळतं, ही फुकटची शिकवणी नव्हे का? कोरियाचं बघा. तिथं कबड्डीची परंपराच नाही. तिथला जांग कुन ली बंगालच्या संघाकडून खेळायला आला. 2016 ला अहमदाबादच्या पहिल्याच सामन्यात कोरियानं आपल्याला 34-32 हरवलं. परंपरा नसताना जे येतं ते शिकल्यानं येतं, याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

*प्रश्न (एक तरुण) : सर, हे सगळं बरोबर आहे जी, पण मॅट तं आपल्या गावात येणार नाही. मंग आमी मातीतच खेळायचं तं शिकायचं काय?*

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. मातीत खेळणं कमीपणाचं नाही. पाय मातीत तयार होतात, पडायची भीती मातीत जाते, चार घरची पोरं विनाखर्च एकत्र येतात ती मातीतच. पण मातीची सवय मॅटवर जशीच्या तशी चालत नाही, हे माहीत असलेला मार्गदर्शक हवा. मॅट महाग असते, ती तालुक्याला एक असली तरी मुलांना आठवड्यातून दोन दिवस नेता येतं. हे मागा. मंडळाच्या गणपतीला, रात्रीच्या सामन्यांच्या बक्षिसांना जेवढी वर्गणी जमते तेवढ्यात हे बसतं की नाही, याचा एकदा हिशोब करा. आणि मुलींचा संघ नववी-दहावीला येऊन का मोडतो, त्याचाही करा. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, मला लाकूड ओलं का सुकं एवढंच ओळखता येतं. चूल तुमची आहे, पेटवायची तुम्हालाच आहे.